पाचवा बिल्ला

बावीस बिल्ले मी काल रात्रीच मांडले,
आडनावांच्या क्रमाने, दोन-दोन बोटांच्या अंतरावर.
सकाळी हरमटानची धूळ त्यांच्यावर बसलेली,
पुन्हा पुसले, शर्टाच्या बाहीने.

दहाच्या ठोक्याला एकवीस गळ्यांत गेले.
उरला पाचवा:
अकोसुआ डोंकोर, शुल्क विभाग, खिडकी तीन.

आत डॉ. लार्टे सुरू झाले.
अक्राहून पहाटेच्या बसने आलेले, तरी इस्त्री जागच्या जागी.
"नेतृत्व म्हणजे," ते म्हणाले, आणि पडद्यावर
एक गरुड उघडला.
(दर वर्षी गरुडच असतो. एकदा मी सुचवलं होतं,
शेळी चालेल का? निदान वाट माहीत असते तिला.)

मी जिना उतरलो.
बावीस सह्यांशिवाय हजेरीचा कागद वित्त विभाग घेत नाही,
जेवणाचं बिल अडकतं. एवढंच कारण.
मोठं काही मनात नव्हतं.

खिडकी तीनसमोरची रांग
व्हरांडा, आंब्याचं झाड ओलांडून
झेरॉक्सवाल्याच्या छत्रीपर्यंत.
शुल्काची शेवटची तारीख. आज.
भिंतीवरच्या सूचनेखाली सही माझ्याच साहेबांची,
मसुदा माझा.

"आलाच आहेस तर शिक्का मार,"
ती म्हणाली, मान वर न करता.
मारला. उलटा.
तिने शिक्क्याच्या मुठीवर अंगठा ठेवून दाखवला:
झिजलेली बाजू आपल्याकडे.

मग टमालेचा एक मुलगा आला. पावती अर्ध्याच रकमेची.
मी "नाही" म्हणणारच होतो,
आम्ही दुसऱ्या मजल्यावर म्हणतो तसं, खणखणीत.
तिने माझ्या मनगटावर पेन टेकवलं.
काचेच्या भोकाशी वाकली
आणि "नाही" इतकं हळू म्हणाली
की त्याच्या मागच्या मुलीलाही कळू नये.
मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं:
"सोमवारी ये. अकोसुआला विचार."
अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.
ते नियमात बसतं का, मी विचारलं नाही.
नियम माझ्या ड्रॉवरमध्ये होते, वर.

एक वाजता जोलोफ भाताचा वास जिना उतरून आला.
रांग आता आंब्याच्या अलीकडे.
माझी बोटं जांभळी.
"काय शिकवतात रे तिथे?"
गरुड आठवला. म्हणालो, "जेवण चांगलं असतं."
"मग दोन डबे आण. आणि सही कुठे करू ते दाखव."

पाचव्या ओळीत तिने सही केली,
पूर्ण नावाची, घाई न करता,
रांग तेवढा वेळ थांबली.

बिल्ला माझ्याच खिशात राहिला.
रात्री शर्ट भिजवताना हाताला लागला.
पाठीवर जांभळ्या अंगठ्याचा ठसा,
तिचा की माझा, सांगता येत नाही.