करंगळीचं काम

ग्रिम्सबीच्या गोदीपासून तीन गल्ल्या आत
माडीवरच्या खोलीत माझा मॅक.
त्याच्या पोटात एक खिडकी,
खिडकीत हॅडॉकला धुरी देणाऱ्या कंपनीचं
दोन मैलांवरचं विंडोज.
एका यंत्राच्या मांडीवर दुसरं यंत्र
आणि दोघांत मिळून माझे दोनच हात.

इथे कॉपी अंगठ्याने होते, तिथे करंगळीने.
एवढाच काय तो फरक,
असं पहिल्या दिवशी मीच म्हणाले होते.
शाळेत जी फक्त बाहेर जायचं विचारायला वर व्हायची
ती करंगळी आता दिवसभर
डाव्या कोपऱ्यात कंट्रोल धरून बसते,
रात्री ठणकते.

अंगठा मात्र जुन्या वळणाचा.
चव्वेचाळीस माणसांचा ओव्हरटाइम उचलायला जावं
तर हा सवयीने कमांड दाबतो;
तिकडे काही उचललंच जात नाही,
आणि पेस्ट केलं की पगाराच्या रकान्यात उमटतं
सकाळचं शिळं:
दूध, ब्लीच, गॅस मीटरचा आकडा.
पगारपत्रकावरून हजेरीवर उडी मारावी
तर अख्खी कंपनीच मागे सरते,
समोर येतो विश्रामला लिहायला घेतलेला
माझा अर्धा ईमेल.

आज तर पासवर्डच चालेना.
दोन्ही कीबोर्ड ब्रिटिशच,
पण दोनच्या डोक्यावर कोणी बसावं
यावर त्यांचं जमत नाही.
मी ॲट पाठवते, तिकडे अवतरणचिन्ह पोचतं,
आणि दिसतात नुसते ठिपके,
खरा ठिपका, खोटा ठिपका, कळणार कसं.
तीनदा चुकल्यावर दार बंद.

बेरिलला फोन केला.
ती कँटीनमधून उठून, दम खात
दुसऱ्या मजल्यावर गेली असणार;
कुलूप आधी काढवून घेतलं असणार कुणाकडून तरी.
मग माझ्या पडद्यावर, माझा हात कळफलकाला लागलेला नसताना,
एकेक ठिपका उमटू लागला.
तिचं एका बोटाने टंकणं.
पाचव्या ठिपक्यानंतर थोडी थांबली. चष्मा पुसला असेल.
"दोनवर नाही गं बाई," ती फोनवर म्हणाली,
"तो इथे एंटरजवळ असतो. आमच्यात."

आमच्यात.

साडेतीनला एक ओळ चुकली.
माघारी घ्यायला अंगठ्याने कमांड दाबली, झेड.
काही हललं नाही. पुन्हा झेड. पुन्हा.
हे रिमोट असंच, उशिरा ऐकतं,
म्हणून पाचदा.
मग लक्षात आलं, मी कंपनीत नव्हतेच.
खिडकी कधीच निसटली होती
आणि मी पुसत होते विश्रामचा ईमेल.
लेकी बोले, सुने लागे.

गेलं होतं ते असं:
गॅरेजला दिलेल्या पैशांचं मी कधी नाव काढलं का.
आईला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा तू संगमेश्वरात
कुणाच्या जीपचा क्लच बदलत होतास.
मला इथे सुख आहे असं तुला कोण सांगतं.

पुसलेलं परत आणता येतं.
शिफ्ट, कमांड, झेड.
सगळं अंगठ्याच्या हाताशी.
पैशांची ओळ परत आणली. ती खरी होती.
आईची ओळ आणली, वाचली,
तीही खरीच होती,
पण क्लच मी मुद्दाम लिहिला होता.
फक्त क्लच काढला.
तिसरी जिथे गेली तिथे राहू दिली.

तिकडे पगारपत्रकात
कुणा गॅरेथच्या नावापुढे
अजून गॅस मीटरचा आकडा होता,
सहा हजार आठशे बारा तास.
खिडकीवर एकदा नीट क्लिक केलं,
कर्सर लुकलुकला,
आणि करंगळी,
दुखरी,
कोपऱ्याकडे सरकवली.