कोंडा

वडिलांना काम मिळालं ते रंगाचं.
सुतार माणूस. रंधे एकेक करून रताळ्यांत गेलेले,
हातात ब्रश दिला.
शुकुगावाच्या टेकडीवरचं मुनाकातांचं घर
आता मेजरसाहेबांचं होतं,
आणि मॅडमना अंधार सोसत नव्हता.
लाकडाचा रंग म्हणजे त्यांना अंधारच वाटायचा.
"सगळं पांढरं," दुभाष्या म्हणाला.
दिसायला आमच्यातलाच, वाढलेला हवाईत,
हे सांगताना स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत होता.

सगळं म्हणजे तो खांबसुद्धा.
तोकोनोमाच्या कडेचा, सुगीचा,
माझ्या जन्माच्या आधी वडिलांनी
एकोणीस दिवस नुसता वाळूने घासलेला.
उभा केला तेव्हा म्हातारे मुनाकाता
वडिलांशी नाही, खांबाशी बोलले होते:
"आलात? राहा आता इथेच."

त्या हिवाळ्यात पांढरं सगळं वरून यायचं.
शाळेत डोक्यावर उवांची पावडर,
वाडग्यात पाण्यात कालवलेलं दूध,
ज्याला दुधाचा सोडून सगळ्याचा वास.
आमच्या घरचा म्हणावा असा रंग एकच, कोंड्याचा.
आई तो भाजायची, रताळ्याच्या देठांत मळायची.
भुकेला कोंडा, निजेला धोंडा.
धोंडा शोधावा लागत नव्हता,
त्या जळक्या गावात पाय टाकाल तिथे होता.

एका पहाटे डबा तिला हलका लागला.
हलवून पाहिला. माझ्याकडे पाहिलं.
मी नाही म्हटलं. खरंच मी नव्हते.
मग तिने वडिलांचा अंगरखा झटकला
आणि बाहीतून भुरभुरला कोंडा.
एकट्याने खाल्ला असता तर तिने माफ केलं असतं.

त्यांनी सांगितलं, चुलीकडे तोंड करून:
जुन्या मोज्यात मूठभर बांधायचा,
साहेब उठायच्या आत खांबाला चोळायचा.
कोंड्याचं तेल लाकडाच्या रेषांत उतरतं.
तेल उतरलं की रंग आत शिरत नाही,
वरवर बसतो, पाहुण्यासारखा.
"किती दिवस?" आईने विचारलं.
ते म्हणाले, पाच वर्षं, फार तर सहा. मग सोलून निघेल.
"मी विचारते, किती दिवसांचा कोंडा?"

चार दिवस ती बोलली नाही.
मधेच मॅडमनी खूश होऊन पीचचा डबा दिला.
वडिलांनी तो उरलेल्या एकुलत्या पटाशीने उघडला,
पात्याला खाच पडली, कोणी काही म्हटलं नाही.
मी खाल्लं. नंतर डब्यात बोट फिरवलं.

पाचव्या पहाटे ती म्हणाली,
"मोजा नको. ओरखडे उठतील."
लग्नातल्या ओबीच्या आतल्या रेशमाचा तुकडा,
त्यात एक मूठ.
त्यांची नव्हे, तिची मूठ. लहान.

वडील पन्नास साली गेले, छातीने.
साहेब बावन्नात गेले.
मुनाकातांच्या मुलाने घर विकलं,
तिथे सूतगिरणीचं वसतिगृह होणार होतं.
मी गेले तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली
घर आडवं रचून ठेवलेलं,
आणि खांब कुठला ते कळेना.
सगळे पांढरे, सगळे आडवे.
एकाला नख लावलं. दुसऱ्याला लावलं.
तिसऱ्याला लावलं तेव्हा नखात काहीतरी आलं,
रंगाचं की माझ्याच नखाचं, नीट बघण्याआधी
मुकादम ओरडला, "ओ बाई!"

उतारावर बोट नाकाशी नेलं.
वास कसलाच नव्हता.
भूक मात्र लागली, एवढं खरं.