चार तासांचं जुवं

दिवाळ्याच्या जेट्टीवर आत्या बसते
ती पाण्याकडे पाठ करून.
हात जाळ्यात, तोंड अजून क्रूझवर.
महिना झाला येऊन, गोष्ट रोज नवी निघते.

साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकला
तेव्हा भावांनी गाड्या घेतल्या,
हिने दोन तिकिटं. एक तिचं, एक माझं,
"तुला इंग्लिश येतं म्हणून."
लुगडं नेसूनच चढली.
लिफ्टमधे एका बाईने विचारलं,
फॅन्सी ड्रेस आज आहे का?
आत्या म्हणाली, नाय, रोज हाय.

तिसऱ्या सकाळी जहाज नुसतं थांबलं.
नांगर पोचेल असा तळच नव्हता बाहेर.
समोर पाण्यावर पांढरी रेघ, लाटा फुटत होत्या,
रेघेच्या आत हिरवं, आणि पलीकडे
नारळांची एक ओळ, कुणीतरी विसरलेली.
स्पीकर सांगत होता:
शेवटची होडी एक वाजता. चुकाल तर चुकाल.

केशरी जाकिटं घातलेली माणसं
दोन खलाशी एकेक करून उतरवत होते,
भरलेली परात उतरवावी तशी.
आत्याने त्यांचे हात बाजूला केले.
एक लाट जाऊ दिली. दुसरीही.
तिसरीच्या माथ्यावर पाय टाकला
आणि होडीत जाऊन बसली, ओट्यावर बसावं तशी.
सुकाणूवरच्या म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं,
मग तिच्या तळहातांकडे,
आणि काही न बोलता दोर तिच्याकडे फेकला.
कुंजीकोया त्याचं नाव. हे नंतर कळलं.

आत पाणी असं, की नव्हतंच.
होडीची सावली खाली वाळूवर
आमच्यापासून वेगळी चालत होती.
"तळ दिसतो गं," आत्या म्हणाली,
"लाज नाय वाटत त्याला?"

आमच्या खाडीत कोपरापर्यंत हात घातला
की बोटं दुसऱ्या कुणाची होतात.
निवट्या, चिंबोऱ्या, गणपतीचे पाट,
नवशाकाकाची होडी परत आली ती रात्र,
सगळं चिखल पोटाशी घेतो, पावती देत नाही.
आणि इथे आत्या कडेवरून वाकलेली,
नजर तळावरून हळूहळू फिरत होती,
झाडताना पडलेली फुली शोधावी तशी.
मी तिचा पदर धरून ठेवला होता. का, माहीत नाही.

गाइड म्हणाला, इथे मधे डोंगर होता.
तो बुडत गेला, आणि एवढाले किडे
त्याच्या कडेकडेने घर बांधत वर येत राहिले.
डोंगर गेला. बांगडी उरली.
"म्हंजे आमचं गावठाण," आत्या म्हणाली.
लोक हसले. मीही हसले असते,
पण ती पुढे पुटपुटली,
"फक्त आमच्यात डोंगर कडेला उगवले. वीस-वीस मजली."

एका जागी पोवळं पांढरंफटक.
पाणी तापलं, गाइडने सांगितलं.
आत्याने नुसतं "चुना" म्हटलं,
शिंपल्या भट्टीतून निघतात त्याच रंगाचा.
आणि बराच वेळ गप्प बसली.

परतताना कुंजीकोया आणि ती
मासे किती मोठे ते हातांनी सांगत होते.
त्याने वाव दाखवली, हिने दीड.
दोघांनाही ठाऊक होतं.
त्याने कागदात गुंडाळून सुका टुना दिला, लाकडासारखा.
हिने कमरेच्या पिशवीतून जवळा काढला.
दिवाळ्याचा जवळा! क्रूझवर!
तीन दिवस आमच्या केबिनला वास का येत होता
ते तेव्हा मला कळलं.

आज बायका विचारत होत्या,
राहशील का गं तिकडे, एवढं चांगलं हाय तर?
आत्याने दाताने दोरा तोडला.
"नाय. तिथं काय हरवलं
तर लगेच सापडतं."

मागे भरती लागली होती.
न बघताच तिने पाय वर घेतले.