श्वासाचा टेक

नळ स्टॉपच्या मागे, तळघरात,
अंड्यांच्या ट्रेसारख्या स्पंजच्या भिंती.
तिथे मी हरवते, आठवड्यातून तीनदा.
पैसे तासावर. किंकाळीचे वेगळे मिळत नाहीत.

काचेपलीकडून वाघोलीकर बोट वर करतो
आणि पडद्यावरची पिंगट केसांची पोरगी
कुठल्याशा बर्फाळ रानात धावू लागते.
तिच्या ओठांत माझं मराठी बसवायचं.
"रेंज नाहीये", हे वाक्य मी
बावीस सिनेमांत म्हटलंय.
"या झाडापाशी आपण मघाशीच आलो होतो", नऊ.
"तिथे उजेड दिसतोय", हे मोजलेलं नाही.

नियम आता पाठ झालेत.
जो म्हणतो परत फिरू, तो आधी जातो.
पेट्रोल पंपावरचा म्हातारा सगळं सांगून ठेवतो
(त्याचा आवाज कायम केतकरकाकांचा,
त्यांना दमा आहे, छान जमतं),
त्याचं कुणी ऐकत नाही.
आणि रान कायम रिकामं.
म्हणजे तिथे राहणारं कुणी असलंच
तर ते माणूस नसतं.

किंकाळी कुणीही देईल, वाघोलीकर म्हणतो,
तू श्वास दे. दाराआड लपलेल्या बाईचा.
तोंडावर हात. नाकातून, तुटक,
माइकला जवळजवळ गाल लावून.
मी देते. पहिल्याच टेकला ओके.
मग वर उन्हात येऊन
आम्ही साबुदाणा वडा खातो, चटणी जास्त.

ऑक्टोबरात चौघं केळदला निघालो.
तन्वीरची जुनी अल्टो
वेल्हं मागे टाकल्यावर दोनदा खोकली
आणि तिने मान टाकली.
साडेआठ. अंधार असा
की हात पुढे केला तर हात नाही.
हर्षदा म्हणाली, "रेंज नाहीये."
मला हसू आलं. टेक वायाच गेला असता,
दूध नाहीये म्हणावं तसं म्हणाली.

मग मीच म्हणाले, तिथे उजेड दिसतोय.

भातखाचरांच्या बांधावरून एकामागे एक,
चार टॉर्च,
चिखलात बुटांचं पचक, पचक.
तन्वीरने रेनकोटची टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.
परागच्या हातात पान्हा,
कुत्री असतील म्हणून.
पत्र्याचं एकच घर.
दोरीवर विसरलेला एक इवलासा फ्रॉक.
"कुणी आहे का?"

उजेड विझला.

कुत्रं अर्धं भुंकलं. उरलेलं
कुणीतरी हाताने दाबलं असावं.
मग कडी. आवाज होऊ नये
इतकी सावकाश, इंचाइंचाने.
"अहो, घाबरू नका," पराग म्हणाला,
"आम्ही पुण्याचे आहोत."
आणि दार पुन्हा वाजवलं, पान्ह्यानेच.
मी फळीला कान लावला.

नाकातून. तुटक. तोंडावर हात.
आणि त्याच्या खाली अजून एक, बारीक,
ज्याच्या तोंडावर
दुसऱ्याच कुणाचा हात.

चला, मी म्हटलं, परत फिरू.
मी आधी गेले वगैरे नाही.
कुणालाच काही झालं नाही.
गाडीत काचा वर करून बसलो,
हर्षदा घोरली,
परागने चिवड्याची पिशवी एकट्याने संपवली.

सकाळी दुधाच्या टेम्पोने दोर बांधून ओढत नेलं.
त्या घरासमोर टेम्पोवाल्याने उगाच वेग कमी केला.
रात्री इथे चोर आले होते म्हणे, तो म्हणाला,
चौघं. एक बाईच होती म्होरक्या.
लेकरू अजून तापलंय.
आम्ही चौघंही समोर बघत राहिलो.

सोमवारी वाघोलीकरने बोट वर केलं.
सात टेक झाले.
काय गं, म्हणाला, आज खोटा येतोय.

मी विचारलं, दाराबाहेर जे उभे आहेत
त्यांचे श्वास कोण देतंय?

त्याने कागद खालीवर चाळला.
त्यांचे नसतात, म्हणाला.
त्यांचे नुसते बूट.