आखूड होत गेलेला पिक्चर

पंचावन्न साली कुळ्याला गाडी यायची थांबली
तेव्हा कुडचड्याच्या पत्र्याच्या थेटरात
एकच पिक्चर अडकून राहिला.
अकरा रिळं, दोन लाकडी खोकी,
वर मुंबईच्या पेढीचा पत्ता, लाखेखाली अर्धा बुजलेला.
परत पाठवायचा तर कशातून? रूळ होते, गाडी नव्हती.

ऑपरेटर कायतान बार्रेतो म्हणाला, लावू या परत.
मग आम्ही तो लावत राहिलो.
सहा वर्षं.

मी नऊ वर्षांचा, रिळं उलटी गुंडाळायचो.
पगार म्हणजे मध्यंतरातले चणे.
खाणीवरची माणसं यायची, पापण्यांपर्यंत तांबडी,
उठून गेली की बाकांवर
त्यांच्या पाठी तेवढ्या बसून राहायच्या.

गोष्ट साधीच. एक मुलगी, एक स्टेशनमास्तर,
उशिरा पोचलेलं पत्र.
पण फीत तुटायची.
कायतान दोन्ही टोकं ब्लेडने तासायचा, सिमेंट लावायचा,
खोलीभर पिकल्या केळ्यांचा वास,
आणि दर सांध्याला दोन-चार चौकटी जमिनीवर.
चौकट म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग.
कोण मोजतो?

आधी गेली तिची लवणारी पापणी.
मग चहाचा कप: हातात आहे, हातात नाही.
मग गाण्याचं अख्खं दुसरं कडवं गेलं,
तर पडद्यावर पुढचं भांडण जुंपलं तरी
लोक कडवं पुरं म्हणूनच गप्प बसले.

अठ्ठावन्नपासून ती दाराकडे धावायची
आणि एकदम फलाटावर असायची.
उंबरठा आमच्या केरात.
शाणू तिकीटवाला म्हणे, बरंय,
तेवढंच चालणं वाचलं बिचारीचं.

कार्बनच्या कांड्या संपत आल्या.
थोटकं तांब्याच्या नळीत जोडून जाळायचो,
सगळ्या नटांना कावीळ झाल्यासारखी दिसायची.

त्या कडव्याचा तुकडा मात्र कायतानने फेकला नाही.
खिडकीशी धरून दाखवला एकदा:
चित्रांच्या कडेने करवतीसारखी एक बारीक रेघ.
"हो म्हजो भाव," म्हणाला. "कॉर्नेट वाजयता."
पिक्चरच्या पाटीवर भावाचं नाव नव्हतं.
कुणाही वाजवणाऱ्याचं नव्हतं.

एकसष्टच्या पावसात शेवटचं रीळ दात्यांत गुंतून वितळलं.
कायतान खाली उतरला, बनियनवर कोट चढवला,
पडद्यापुढे उभा राहून म्हणाला,
"फुडलें हांव सांगतां."
आणि ते पत्र वाचून दाखवू लागला, हातात कागद नसताना.
रोज स्टेशनमास्तर माफी मागायचा.
एका आयताराला पत्र धोबीतलावहून आलं.
त्यात मुलगी नव्हती, स्टेशन नव्हतं.
आई अजून खोकते का, असं विचारलं होतं.
खाणीवरचे लोक टोप्या काढून ऐकत राहिले.
पैसे कुणी परत मागितले नाहीत.

डिसेंबरात पाकले गेले, जाताना बोरीचा पूल उडवून.
गाडी आली. नवे पिक्चर आले.
पेढीचा माणूसही आला, टेप घेऊन:
अठराशे फूट कमी!
खाल्लात की काय, म्हणाला.
कायतानने मुकाट सही केली. पगारातून कापत गेले.

परवा पणजीच्या महोत्सवात तोच पिक्चर होता,
कुठल्याशा तळघरात सापडलेली कोरी प्रत.
तीन तास रांगेत उभा राहिलो.
कप हातात होता. ती दारापर्यंत गेली,
उंबरठ्याला अडखळली देखील.
हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसरं कडवं आलं नि मी म्हणायला लागलो.
शेजारची मुलगी, गळ्यात पास,
हळूच म्हणाली, काका, शू.

म्हणून कॉर्नेट ऐकू आलं.
किती, तर चार सेकंद.
परतीची बस बोरीच्या पुलावर खोळंबली
तेव्हा बोटांवर मोजून काढलं.
शहाण्णव चौकटी.