काटा

तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या मागे
नेणशी शेठचा साठ टनी वजनकाटा.
केबिनमध्ये टेबलाखाली, पायपुसण्याशेजारी,
एक युनिक्सचा डबा.
नऊ वर्षं कुणी त्याला हाक मारली नाही,
त्यानेही कुणाला मारली नाही.

शनिवारी पहाटे धर्माजी भोईरांचा फोन :
"मॅडम, तुमचा मुका बोलायला लागलाय."

बोलत होता खरा.
काळ्या पडद्यावर एकच ओळ, पुन्हा पुन्हा,
रीड एरर, आणि पुढे सेक्टरचा आकडा
चेसिस नंबरासारखा लांबलचक.
आत डोकं पुढे जायचं, टक्,
मागे यायचं, पुन्हा टक्,
नाव ओठांवर आहे आणि आठवत नाही
असा माणूस कपाळावर बोट आपटतो तसं.

शेठ म्हणाले, बंद करून चालू करा ना.
मी म्हटलं, हात लावू नका.
ऐरोलीत एकदा, नोकरीच्या पहिल्या वर्षी,
मरणाऱ्या डिस्कवर मी दुरुस्ती चालवली होती;
रात्रभर ती शहाण्यासारखी फाईली जुळवत राहिली
आणि सकाळी एकही उरली नव्हती.
तेव्हापासून एवढंच शिकले :
आधी उतरून घ्यायचं. दुरुस्ती मागाहून.

नवी डिस्क शेजारी जोडली.
सुखासुखी येत होतं ते आधी घेतलं,
अडलं तिथे हट्ट न करता पुढे सरकले,
मग शेवटाकडून उलटी येत
दुखऱ्या जागेच्या कडा थोड्या थोड्या सोडवल्या.
धर्माजी स्टुलावर बसून बघत होते.
"म्हणजे पाला खाल्ल्यासारखं," म्हणाले,
"आधी मऊ मऊ. काट्याचं मग, जिभेनं चाचपून."
पावण्याच्या खाडीत पाला मिळायचा तेव्हाची गोष्ट.

बाहेर कांद्याची गाडी काट्यावर चढली,
केबिन हललं, डिस्क हलली,
मी दोन्ही हातांनी टेबल धरलं.
मग काटाच बंद ठेवला. चाळीस मिनिटं.
जालन्याची मोसंबी, नाशिकचा टोमॅटो,
हॉर्नांची रांग सानपाड्याच्या पुलापर्यंत.
शेठ घड्याळ बघत होते, मी टक्केवारी :
नव्व्याण्णव, आणि पुढे टिंबानंतर
नऊच नऊ.

तीन जागा राहिल्या.
एक कधी वापरलीच नव्हती.
दुसरीत कुणीतरी कधीच पुसून टाकलेलं काहीतरी,
त्यासाठी मी दीड तास घाम गाळला.
तिसरी एका फाईलीच्या पोटात निघाली :
सोळा सालच्या फेब्रुवारीतली एक रात्र,
दोन ते चार. सत्तावीस पावत्या.
कॉपीत तिथे नुसती शून्यं.
काय गेलं ते माहीत नाही,
कुठून गेलं ते अगदी बाइटपर्यंत.

"त्या रात्री ड्युटीला कोण होतं?"
"मीच. सगळ्या रात्री मीच."
"काही आठवतं?"
धर्माजींनी चष्मा काढला,
शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.
"नाही ओ. लिहिलेलं ना.
लिहिलं म्हणून तर विसरलो."

शेठ म्हणाले, सोळा सालचं कोण विचारतंय.
खरंच कुणी विचारणार नाही.
तरी मी सर्व्हिसच्या वहीत तारीख घातली,
सेक्टरचा आकडा उतरवला,
शेरा या रकान्यात काय लिहावं ते सुचेना
म्हणून सही केली.

जुनी डिस्क काढून त्यांच्या हातात दिली.
अजून कोमट होती.
ते बाहेर गेले, रिकाम्या काट्याच्या मधोमध ती ठेवली,
खिडकीतून आकड्यांकडे बघितलं : शून्य.
"दहा किलोच्या खालचं दिसत नाही याला,"
काट्याची बाजू घेत म्हणाले.

आता ती टेबलावर असते,
कार्बनच्या नव्या पावतीबुकावर,
गाडी आली, दार उघडलं,
धुरळ्याचा लोट आत घुसला
की पानं उडू नयेत म्हणून.