साबुदाण्याची खळ

टेबलावर आडवा पडलाय एका विमानाचा डावा पंख.
उजवा कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.
शेपी बेटावर, केंटच्या दलदलीच्या काठाशी,
कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर होऊन
यानं साठ वर्षं काढली.
मी चिमट्यानं पिसं वेचते आहे.
कोंबड्यांची. म्हणजे उडण्याशी बेताचाच संबंध.

कापडावर आयोडीनचा थेंब टाकला,
निळाजांभळा झाला. स्टार्च.
मग भिंगाखाली दाणे पाहिले आणि एकटीच हसत सुटले:
साबुदाणा!
आमच्या घरी उपासाला लागणारा,
इथे शिजवून, गाळून, ब्रशानं फासलेला
आयर्लंडच्या लिननवर,
वाळल्यावर कापड ढोलकीसारखं बोलावं म्हणून.

कडेला पुसट पेन्सिल: थ. गॉडन, मार्च १९१०.
थर्झा. शिडं शिवणाऱ्या बापाची मुलगी.
हिशेबाच्या वहीत तिच्या नावावर तेरा शिलिंग,
मेणाच्या दोऱ्याचे वेगळे कापून घेतलेले.

त्याआधी माणसं काय काय करून बसली होती.
हाताला पिसं बांधून मनोऱ्यावरून उड्या,
फडफड, फडफड, आणि खाली दगड.
पक्ष्याची नक्कल करताना नेमकं फडफडणंच उचललं,
घारीचं नुसतं पसरून राहणं
कितीतरी शतकं कुणी मनावर घेतलं नाही.
मग कुणाच्या तरी ध्यानात आलं:
उचलायचं काम एकाचं, ढकलायचं दुसऱ्याचं.
पंखानं फक्त हवेला खाली वळवायचं,
हवा आपली परतफेड करते.
उधार ठेवत नाही.

थर्झाला हे कुणी शिकवलं नसणार.
पण शीड पोट काढतं तेव्हाच होडी ओढतं,
हे तिच्या तळहातांना माहीत होतं.
क्रूमसाहेबांनी फासळ्या सरळ कापल्या होत्या,
फुटपट्टीसारख्या, बघायला देखण्या.
या फासळ्यांवर मात्र वाफेचे डाग आहेत,
आणि प्रत्येकीला सारखाच, हलकासा बाक.
रात्री किटली ठेवून तिनंच वाकवल्या,
असा माझा अंदाज. अहवालात लिहिता येणार नाही.

पहाटे दव होतं. मेंढ्या बाजूला हाकलल्या.
इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं,
आणि वारा प्यालेल्या वासरासारखं ते यंत्र
गवतावरून उधळलं.
एक खंदक ओलांडला. एक कुंपण.
सत्तर यार्ड, कुणीतरी पावलांनी मोजले.
तेवढ्यात साहेबांना हाव सुटली,
नाक वर, अजून वर,
इतकं की पाठीवरून वाहणारी हवा
पंखाला धरून राहीना, सुटली.
वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय,
हे त्या दिवशी त्यांना शब्दशः कळलं.
गळपट्टीचं हाड मोडलं. वर पाऊस आला,
खळ सुटली, पंख चिकट झाला,
आणि म्हणे मेंढ्या येऊन चाटू लागल्या.

वर्तमानपत्रात त्यांचा फोटो, हात झोळीत.
इंजिन कुठलं, पंखा कुठला, सगळं छापलं.
कापडाबद्दल एक शब्द: स्थानिक.

तिचे टाके इंचाला आठ.
मी माझे मोजले: सात, कधी साडेसहा.
एका शिवणीत तिचा केस गुंतलाय, तांबूस.
नियमाप्रमाणे काढून, पाकिटात घालून, नंबर द्यायचा.
दोन दिवस झाले, ते काम मी मागे ढकलते आहे.

आज दुपारी कुणीतरी शेडचं दार उघडं टाकलं.
समुद्राकडचा वारा आत आला, पसारा हुंगत,
आणि टेबलावरच्या पंखाची कड
बोटभर उचलली गेली.

मी हात ठेवला.
दाबायला म्हणून ठेवला होता,
पण दाबला नाही.